छपराखालचे शहर आणि आपली मुले

नोकरीनिमित्त दुबईस गेलेला गृहस्थ वर्ष-दीड वर्षाने थोडा स्थिरस्थावर होतो आणि मग पत्नीस व मुलांस तेथे बोलावून घेतो. सामान लागते, शेगडी पेटते, शाळेतील प्रवेशाची धावपळ संपते, आणि पहिल्याच सुटीच्या दिवशी त्या कुटुंबापुढे एक साधा पण मोठा प्रश्न उभा राहतो: मुलांना घेऊन जावयाचे कोठे? घर म्हणजे बहुधा एखाद्या उंच इमारतीतील दोन खोल्या. खाली अंगण नाही, ओटा नाही, शेजारची आजी नाही. मे महिना सरता सरता पारा चाळीस अंशांच्या वर चढतो आणि सप्टेंबरपर्यंत खाली यावयाचे नाव घेत नाही. तेथील सरकारने १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारापासून तीन वाजेपर्यंत मजुरांकडून उघड्यावर उन्हात काम करवून घेण्यास मनाई केली आहे. जेथे अंगमेहनतीची सवय झालेल्या माणसासही त्या वेळी उन्हात राबू देत नाहीत, तेथे सहा वर्षांच्या मुलास चेंडू घेऊन खाली कोण पाठवील? मग वडील म्हणतात, "चला, मॉलमध्ये जाऊ." हे वाक्य त्या कुटुंबात पुढे कित्येक वर्षे दर आठवड्यास उच्चारले जाते.

मॉल ही वस्तू आता भारतीयांस अपरिचित राहिलेली नाही. १९९९ च्या सुमारास मुंबई-दिल्लीत ती अवतरली आणि आज इंदूर, नागपूर, बडोदे, हैदराबाद येथील मुलांसही सरकता जिना ठाऊक आहे. तथापि आपल्याकडे मॉल ही अनेक ठिकाणांपैकी एक जागा असते. आजोळ, देऊळ, बाग, नदीचा घाट, गल्लीतील क्रिकेट हे सारे तिच्या जोडीला असतेच. परदेशी नव्याने आलेल्या कुटुंबाच्या बाबतीत, विशेषतः आखाती उन्हाळ्यात, मॉल हेच अंगण, हीच बाग, हाच बाजार आणि हेच माणसे दिसण्याचे ठिकाण होऊन बसते. म्हणून त्याचा विचार केवळ खरेदीचा विचार म्हणून करून भागत नाही. संयुक्त अरब अमिरातीत पस्तीस लाखांहून अधिक भारतीय राहतात आणि त्यांत मराठी कुटुंबांची संख्याही लहान नाही. आमच्या वाचकांपैकी अनेकांचा मुलगा, मुलगी, भाऊ वा जावई त्या बाजूस असेल. काहींची जाण्याची तयारीही चालू असेल.

या छपराखालच्या बाजाराचा जनक स्वतः परदेशी नवखाच होता, ही गोष्ट फारशी कोणास माहीत नसते. व्हिक्टर ग्रूएन हा व्हिएन्ना शहरात १९०३ साली जन्मलेला ज्यू वास्तुरचनाकार. १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर तो जीव वाचवून अमेरिकेस गेला. खिशात आठ डॉलर आणि इंग्रजीचे जेमतेम ज्ञान एवढेच त्याचे भांडवल होते असे सांगतात. अमेरिकेतील उपनगरे पाहून त्याला फार ओकेबोके वाटले. मोटारीतून दुकानी जावयाचे, मोटारीतून परतावयाचे, वाटेत कोणी भेटावयाचे नाही. त्याच्या डोळ्यांपुढे व्हिएन्नातील चौक होते, जेथे माणसे कॉफी घेत, गप्पा मारीत, मुले बागडत. तसा एक चौक छपराखाली बांधावा म्हणून त्याने मिनेसोटा राज्यातील एडिना या गावी साउथडेल हे केंद्र उभारले. १९५६ च्या ऑक्टोबरात ते उघडले. मिनेसोटाच्या हिवाळ्यात हाडे गोठतात. तेथे बारमाही एकाच तपमानात, झाडे व कारंजी यांच्या सान्निध्यात हिंडता यावे ही त्यामागील कल्पना. पूर्णपणे बंदिस्त व वातानुकूलित असा तो पहिला मॉल होय. ग्रूएनच्या मूळ आराखड्यात त्याच्या सभोवती घरे, शाळा, दवाखाना, बगीचे हे सारे होते. प्रत्यक्षात बाजार तेवढा उभा राहिला आणि बाकीचे कागदावर उरले. भोवती घरांऐवजी मोटारी ठेवण्याची अफाट मैदाने पसरली. पुढे १९६८ मध्ये ग्रूएन व्हिएन्नास परतला आणि अखेरच्या काळात त्याने या अपत्याशी आपला संबंध उघडपणे नाकारला. १९८० साली तो वारला.

त्याचे नाव मात्र एका वेगळ्याच कारणाने व्यापारशास्त्रात राहिले. माणूस मॉलमध्ये शिरतो तो एखादी ठराविक वस्तू घ्यावयास. पण आतील दिवे, संगीत, वळणे आणि थाटमाट यांमुळे काही वेळाने त्याचे उद्दिष्ट विरघळते आणि तो नुसताच पाहत, भटकत, वाटेल ते घेत सुटतो. या अवस्थांतरास व्यापारी लोक 'ग्रूएन ट्रान्सफर' म्हणतात. ग्रूएनला स्वतःला हे अभिप्रेत नव्हते. परंतु मॉल बांधणाऱ्यांनी ते पुरेपूर हेरले. घड्याळ सहसा नजरेस पडत नाही, बाहेरचा उजेड फारसा आत येत नाही, मोठी दुकाने दोन टोकांस असतात म्हणजे मधली सारी वाट तुडवावी लागते, आणि मुलांच्या वस्तू नेमक्या मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर मांडलेल्या असतात. गृहिणीस दूध व कांदे घ्यावयाचे असतात. ते दुकान तळमजल्याच्या पार टोकास. आईबापांनी हे एकदा समजून घेतले की पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. मूल हट्टी नसते. ज्या जागी त्याने हट्ट करावा अशी योजना केलेली आहे, तेथे आपण त्याला उभे केलेले असते.

दुबईत या प्रकारास १९८१ साली देरा भागातील अल घुरैर सेंटरने आरंभ झाला. १९९५ मध्ये देरा सिटी सेंटर निघाले. १९९६ पासून हिवाळ्यातील खरेदी-महोत्सव आणि १९९८ पासून उन्हाळ्यातील महोत्सव सुरू झाला. उन्हाळी महोत्सवाचे मोधेश नावाचे पिवळे बाहुले तेथे वाढलेल्या भारतीय मुलांस आपल्याकडील मुलांस चांदोबा असावा तितके ओळखीचे झाले. २००५ मध्ये मॉल ऑफ द एमिरेट्स उघडला. त्यात बर्फाचा एक कृत्रिम डोंगरच उभारलेला आहे. उंची सुमारे ८५ मीटर, आतील तपमान शून्याच्याही खाली. बाहेर वाळवंट भाजत असता आत मुले लोकरी कोट घालून घसरगुंडी खेळतात. नोव्हेंबर २००८ मध्ये दुबई मॉल सुरू झाला. तेथे बाराशेहून अधिक दुकाने आहेत आणि मध्यभागी एक कोटी लिटर पाण्याचे मत्स्यालय आहे.

आता नवख्या कुटुंबास उपयोगी अशी गोष्ट सांगतो. या स्थळांतील पुष्कळशी मौज पैसे न देता पाहावयास मिळते. दुबई मॉलमधील मत्स्यालयाच्या बोगद्यातून जावयास तिकीट पडते, परंतु त्याची दर्शनी भिंत, जी बत्तीस मीटरांहून रुंद व आठ मीटरांहून उंच आहे, ती मॉलच्या मोकळ्या जागेतूनच दिसते. शार्क आणि रे मासे तेथूनही तेच दिसतात. बर्फाच्या डोंगराकडे पाहावयास मोठी काच आहे. बाहेर उभे राहून बर्फात घसरणाऱ्यांच्या फजित्या पाहण्यात लहान मुलांस आत जाण्याइतकाच आनंद होतो, असे आम्ही अनेक पालकांकडून ऐकले आहे. दुबई मॉलच्या बाहेर तळ्यावर सायंकाळी कारंज्यांचे नृत्य होते, तेही फुकट. त्याच मॉलमध्ये किनोकुनिया हे जपानी पुस्तकविक्रेत्यांचे प्रचंड दुकान आहे. चित्रमय पुस्तकांच्या कपाटांपाशी अर्धा तास रमणारे मूल आणि खेळण्यांच्या दुकानात अर्धा तास रडणारे मूल यांतील फरक ज्याला अनुभवाने कळला, तो पुढच्या खेपेस आपली वाट बदलतो.

जाण्यासाठी मोटार असावीच असे नाही. सप्टेंबर २००९ पासून चालू झालेली मेट्रो मोठ्या मॉलपर्यंत नेते. पाच वर्षांखालील किंवा ९० सेंटिमीटरांहून कमी उंचीच्या मुलास भाडे पडत नाही, आणि गाडीत स्त्रिया व मुले यांच्यासाठी स्वतंत्र जागा राखलेली असते. डब्यात खाणेपिणे निषिद्ध आहे. त्यास शंभर दिरहॅम दंड आहे. आपल्याकडे गाडी सुटली की डबा उघडण्याची जी पद्धत आहे, ती येथे आवरती घ्यावी लागते. दुबई मॉलच्या स्थानकापासून मॉलपर्यंत सुमारे ८२० मीटर लांबीचा वातानुकूलित पूल आहे आणि त्यावर सरकते पट्टे बसविलेले आहेत. पहिल्या भेटीत मुले या पट्ट्यांवरच इतकी रमतात की मॉल गाठावयास तासभर लागतो. लागू द्यावा. ज्यांच्यापाशी मोटार आहे त्यांनी एक गोष्ट कधीही करू नये: "दोन मिनिटांत येतो" म्हणून मुलास बंद गाडीत ठेवून जाणे. त्या उन्हात बंद गाडीचे आतले तपमान काही मिनिटांतच जीवघेणे होते. चार वर्षांखालील मुलास लहानग्यांच्या खास आसनात बसविणे २०१७ पासून सक्तीचे आहे आणि दहा वर्षांखालील मुलास पुढे बसविता येत नाही. आईच्या मांडीवर बसून प्रवास करण्याची आपली सवय येथे सोडावी लागते.

आता पैशाविषयी. कुटुंबास बोलावून घेण्यासाठी मिळवत्या माणसाचा पगार निदान चार हजार दिरहॅम, अथवा तीन हजार आणि राहण्याची सोय, इतका असावा लागतो. या किमान मर्यादेच्या थोडे वर असलेली हजारो कुटुंबे तेथे आहेत. घरभाडे, शाळेची फी, गावी पाठवावयाची रक्कम हे वजा जाता हाती उरते ते बेताचेच. नव्याने आलेली गृहिणी पहिले काही महिने प्रत्येक किमतीस मनातल्या मनात वीस-पंचवीसाने गुणते. आइस्क्रीमची किंमत पंधरा दिरहॅम दिसली की तिला तीनशेहून अधिक रुपये दिसतात आणि तिचा हात मागे येतो. मुले रुसतात, नवरा म्हणतो, "असे गुणत बसलीस तर येथे जगणेच अशक्य होईल." त्याचे म्हणणे खोटे नव्हे. परंतु सहा महिन्यांनी ती गुणणे सोडून देते, आणि आमच्या मते खरा धोका तेथे सुरू होतो. कारण पंधरा हा आकडा मोठा लहान दिसतो. खर्च दिरहॅममध्ये होतो, पण गावच्या घराचे कर्ज, आईचे औषध, धाकट्या भावाचे शिक्षण हे सारे रुपयांतच राहिलेले असते.

दिरहॅमचा भाव १९९७ पासून अमेरिकन डॉलरशी बांधलेला आहे. एका डॉलरला ३.६७२५ दिरहॅम. रुपया डॉलरपुढे घसरला की दिरहॅमही आपोआप महाग होतो. गावी पैसे पाठविणाऱ्यास ते फायद्याचे वाटते, आणि तेही खरेच. परंतु याचा दुसरा अर्थ असा की मॉलमध्ये उधळलेल्या प्रत्येक दिरहॅमचे गावच्या हिशेबात मोल वाढलेले असते. किमतीच्या चिठ्ठीवर असलेल्या आकड्यात ५ टक्के मूल्यवर्धित कर धरलेला असतो. हा कर जानेवारी २०१८ पासून लागू झाला. तेव्हा जो आकडा दिसतो तोच द्यावयाचा, वर काही चढत नाही. घासाघीस मात्र चालत नाही. क्रेडिट कार्ड सहज मिळते आणि हप्त्याने वस्तू देणारेही पुष्कळ भेटतात. येथे नवख्या माणसाने सावध असावे. कर्ज थकले तर न्यायालय देशाबाहेर जाण्यास मनाई करू शकते. एका भल्यामोठ्या दूरचित्रवाणी-संचापायी आजारी वडिलांना भेटावयास जाता न येणे, ही शक्यता कोणत्याही विक्रेत्याच्या जाहिरातीत लिहिलेली नसते.

मुलांच्या बाबतीत घरून निघण्यापूर्वी बोलून घेणे हा उपाय साधा आहे, पण त्याहून चांगला आम्हांस ठाऊक नाही. आज काय पाहावयाचे, काय खावयाचे, काय घ्यावयाचे नाही, हे घरीच ठरवावे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या हाती दहा दिरहॅमची नोट देऊन हा तुझा आजचा खर्च असे सांगितले की ते मूल एकाएकी विलक्षण हिशेबी बनते. पालकांच्या खिशातील पैसा अगणित असतो. आपल्या मुठीतील नोट मोजता येते. काही घरांत उरलेली नाणी डब्यात साठवून सुटीत गावी जाताना आजी-आजोबांसाठी मुलांनी स्वतः काही निवडण्याची पद्धत आहे. ही पद्धत उत्तम आहे, यात शंका नाही. शाळेतील सोबत्याचा वाढदिवस एखाद्या महागड्या खेळघरात झाला की पुढील आठवड्यात घरात प्रश्न येतोच: "माझा का नाही?" त्या वेळी "परवडत नाही" एवढे शांतपणे सांगण्यास कोणतीही लाज वाटू देऊ नये. मुलांस हे उत्तर आपण समजतो त्याहून लौकर कळते. ते चिडक्या आवाजात दिले तरच त्यांस ते लागते.

मूल हरविण्याची भीती प्रत्येक आईच्या मनात असते, आणि नवख्या कुटुंबाच्या बाबतीत तिला एक वेगळी बाजू आहे. मुलास नागपूरच्या आजोबांचा दूरध्वनी क्रमांक तोंडपाठ असतो; वडिलांचा दुबईतील क्रमांक त्याला येत नाही, कारण तो घेऊनच दोन आठवडे झालेले असतात. घराचा पत्ताही सांगता येत नाही. दुबईतील माणसे पत्ता सांगतात ते इमारतीच्या नावाने किंवा जवळच्या खुणेने. तेथे प्रत्येक इमारतीच्या प्रवेशद्वारास 'मकानी' नावाचा दहा अंकी क्रमांक दिलेला आहे. आपल्या इमारतीचा तो क्रमांक आणि आईवडिलांचे दूरध्वनी एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी मुलाच्या खिशात ठेवावी. पिशवीत नव्हे, कारण पिशवी आईकडे असते. थोड्या मोठ्या मुलांकडून हे आकडे पाढ्यांप्रमाणे घोकून घ्यावेत. आत शिरताच चौकशीची खिडकी दाखवावी आणि गणवेशातील रखवालदार कसा दिसतो तेही दाखवावे. या रखवालदारांत भारतीय, नेपाळी, पाकिस्तानी पुष्कळ असतात, तेव्हा मुलाने हिंदीत सांगितले तरी बहुधा काम भागते. चुकामूक झाली तर मुलाने धावत सुटू नये, होते तेथेच उभे राहावे. शोधणारे एक आणि उभे असलेले एक, तरच गाठ पडते. पोलिसांचा क्रमांक ९९९ आहे, रुग्णवाहिकेचा ९९८. सुदैवाने तेथील मॉलमध्ये देखरेख कडक असते आणि चुकलेले मूल बहुतेक वेळा थोड्याच अवधीत सापडते, पण तो अवधी आईबापांच्या आयुष्यातून वजा होतो.

सरकत्या जिन्याविषयी दोन शब्द. मऊ रबरी पादत्राणे पायरी आणि बाजूची पट्टी यांच्या फटीत ओढली जाऊन मुलांच्या बोटांस इजा झाल्याची उदाहरणे अनेक देशांत घडलेली आहेत. पाय पायरीच्या मध्यभागी, तोंड पुढे, एक हात कठड्यावर आणि एक आईच्या हातात असावा. साडीचा घोळ वा ओढणी उचलून धरावी. बाबागाडी असेल तर उद्वाहकाने, म्हणजे लिफ्टने, जावे. रांग असली तरी थांबावे.

परक्या समाजात वावरताना जी जपणूक करावयाची तीही मुले येथेच शिकतात. मॉलमध्ये अजान ऐकू येते आणि त्या वेळी अनेक ठिकाणी संगीत थांबते. स्त्रिया व पुरुष यांच्यासाठी नमाजाच्या स्वतंत्र खोल्या असतात. त्यांच्या दारापाशी मुलांनी आरडाओरडा करू नये. खांदे व गुडघे झाकतील असे कपडे असावेत, अशी सूचना दारातच असते. आपल्या नेहमीच्या पोशाखास तिचा अडथळा होत नाही. छायाचित्र घेताना परकी माणसे, विशेषतः तेथील स्त्रिया, त्यात येणार नाहीत असे पाहावे. परवानगीवाचून कोणाचे छायाचित्र घेणे हा तेथील कायद्याने गुन्हा आहे. खाण्याच्या दालनात शाकाहारी पदार्थ मिळतात, तथापि एकाच तव्यावर किंवा एकाच तेलात काय काय तळले जाते हे विचारून घ्यावे. विचारण्यात कोणी वावगे मानीत नाही.

आणखी एक गोष्ट आहे. त्या लखलखीत फरशा पुसणारा, ट्रॉल्या ओढून नेणारा, ताटे उचलणारा माणूस पुष्कळदा आपल्याच देशाचा असतो. बिहारचा, तेलंगणाचा, केरळचा, क्वचित कोकणचाही. त्याचे कुटुंब त्याच्याजवळ नाही, कारण वर सांगितलेली पगाराची मर्यादा तो ओलांडू शकत नाही. आपल्या मुलाच्या वयाचे त्याचे मूल गावी असते आणि महिन्याची रक्कम त्याच्या शाळेस जाते. आपले मूल सांडलेला खाऊ तसाच टाकून उठते तेव्हा तो वाकतो. मुलास "काका, धन्यवाद" म्हणावयास शिकविण्यास काही खर्च येत नाही. पुष्कळदा तो माणूस थबकतो, "कोणत्या गावचे?" असे विचारतो, आणि मुलाच्या डोक्यावरून हात फिरवितो.

गृहिणीविषयी बोलल्याशिवाय हा विषय पुरा व्हावयाचा नाही. नवरा कामावर, मुले शाळेत, आणि ती दोन खोल्यांत एकटी. भारतात जिला दिवसातून दहा माणसांशी बोलावे लागे, तिला येथे संध्याकाळपर्यंत आपला स्वतःचाही आवाज ऐकू येत नाही. तिला मॉल हवासा वाटतो तो खरेदीसाठी नव्हे, तेथे माणसे दिसतात म्हणून. तिच्या या ओढीस उधळेपणा समजणे हा तिच्यावर अन्याय आहे. दुपारी उन्हाच्या वेळी बाबागाडी घेऊन मॉलच्या लांबलचक मार्गांवर फेऱ्या घालणाऱ्या अनेक भारतीय स्त्रिया दिसतात. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीस एकमेकींकडे पाहून हसतात, चौथ्या फेरीस बोलतात. महाराष्ट्र मंडळाचा कार्यक्रम कधी आहे, मसाला कोठे दळून मिळतो, कोणत्या शाळेची बस आपल्या रस्त्याने येते, ही माहिती अशाच फेऱ्यांतून हाती येते. ग्रूएनला जो चौक बांधावयाचा होता तो त्याच्या देखत बांधला गेला नाही. पण अशा जागी, अशा बायकांनी, तो थोडाफार मिळवलेला दिसतो.

मुलांस तेथील भाषेची ओळखही मॉलच्या पाट्यांवरून होते. खासगी शाळांत अरबी हा विषय बिगर-अरब मुलांसही नववीपर्यंत घ्यावा लागतो, आणि उजवीकडून डावीकडे जाणारी ती लिपी घरात कोणास वाचता येत नाही. मॉलमधील प्रत्येक पाटी अरबी व इंग्रजी अशा दोन भाषांत असते, म्हणून ती चालती-बोलती अंकलिपीच होय. किमतींचे अरबी आकडे ओळखण्याचा खेळ लावावा. या आकड्यांना अरब लोक 'हिंदी अंक' असे म्हणतात, कारण दशमान पद्धती त्यांना भारताकडून मिळाली. हे ऐकून मुलांची छाती थोडी फुगते. फुगू द्यावी.

आणि ज्यांना मुलांना घेऊन एखादाच मॉल पाहावयाचा असेल, त्यांस आम्ही इब्न बतूता मॉल सुचवू. २००५ मध्ये उघडलेला हा मॉल चौदाव्या शतकातील त्या मोरोक्कोच्या प्रवाशाच्या नावाचा असून त्याचे सहा भाग अँडालुशिया, ट्युनिशिया, इजिप्त, इराण, हिंदुस्थान आणि चीन या त्याच्या मार्गावरील प्रदेशांच्या धाटणीवर सजविलेले आहेत. हिंदुस्थानच्या दालनात अल-जझरी या बाराव्या-तेराव्या शतकातील कारागिराच्या हत्ती-घड्याळाची प्रतिकृती आहे. सजावट बाजारी आहे, हे खरे. पण तिच्या आधाराने मुलांना एक खरी गोष्ट सांगता येते. हा इब्न बतूता महंमद तुघलकाच्या पदरी दिल्लीस काजी होता, आणि तेथून चीनकडे वकील म्हणून निघाला असता तो आपल्या दौलताबादेस आला होता, नंदुरबारासही आला होता. मराठ्यांविषयी त्याने लिहून ठेवले आहे. दौलताबादेतील गायक-गायिकांच्या एका बाजाराचे त्याने मोठ्या कौतुकाने वर्णन केले आहे. गालिचे अंथरलेली दुकाने, मध्ये मोठा घुमट, आणि त्याखाली बसून ऐकणारे रसिक. औरंगाबादकडचे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरकडचे, एखादे मूल दुबईतील दालनात उभे राहून हे ऐकेल तेव्हा परक्या मुलुखात त्यास जरा ओळखीचे वाटेल.

ऑक्टोबर संपता संपता हवा पालटते. मार्चपर्यंत संध्याकाळी बाहेर बसता येते, आणि मग मॉलची गरज निम्म्याने उरते. झबील उद्यानासारख्या मोठ्या बागा पाच दिरहॅमच्या तिकिटात दिवसभर मिळतात. २०२२ मध्ये अल जद्दाफ येथे पुस्तकाच्या आकाराची इमारत असलेले मोहम्मद बिन राशिद ग्रंथालय सुरू झाले असून त्यात मुलांचा विभागही आहे. त्याच वर्षाच्या प्रारंभापासून तेथील साप्ताहिक सुटी शनिवार-रविवारची झाली आणि शुक्रवारी सरकारी कचेऱ्यांत अर्धा दिवस काम राहिले, त्यामुळे पुष्कळ घरांना शनिवार मोकळा मिळतो. एखाद्या शनिवारी चारच्या सुमारास मुलांना घेऊन बर दुबईच्या धक्क्यावर जावे. तेथून अब्रा नावाच्या लाकडी होड्या खाडी ओलांडून देराच्या बाजूस नेतात. पलीकडे मसाल्यांचा जुना बाजार आहे. वेलदोडा, केशर, वाळलेली लिंबे यांची पोती उघडी मांडलेली असतात, आणि तेथे घासाघीस चालते. मॉलमध्ये गप्प राहिलेली आई येथे हिंदीत भाव पाडू लागते आणि मुले थक्क होऊन पाहतात. होडीचे भाडे माणशी एक दिरहॅम आहे. सुटी नाणी जवळ असावीत.